काटा, वही आणि फोन : अशक्त हृदयाची घरातली राखण

‘पंपिंग कमी झालंय’ हे वाक्य आता गावोगावी कानावर येतं. कुणाच्या सासऱ्यांचं, कुणाच्या आईचं, कुणाचं स्वतःचं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी देतात. ‘मीठ कमी खा, वजन बघत जा, दम लागला तर लगेच या,’ असं सांगतात. त्यानंतरची सगळी राखण घरावर येते, आणि घरावर म्हणजे घरातल्या बाईवर. आज आपण या राखणीबद्दल बोलणार आहोत. वजनकाटा, बीपीचं यंत्र आणि हातातला फोन यांचा त्यात कसा उपयोग करायचा, कशावर भरवसा ठेवायचा आणि कशावर नाही, ते बघू.

हृदय बंद पडत नाही, थकतं

‘हार्ट फेल’ म्हटलं की आपल्याला वाटतं, हृदय बंद पडलं. तसं नाही. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे, पण शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलायची त्याची ताकद कमी झाली आहे. विहिरीवरच्या मोटरचं आठवा. वीज कमी दाबाने आली की मोटर फिरते, पण शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. शरीराचंही तसंच होतं. हातापायांना रक्त कमी पोचतं म्हणून थकवा येतो. मूत्रपिंडाला वाटतं, शरीरात पाणीच कमी पडलंय. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. तेच पाणी पायांवर, पोटात आणि फुप्फुसात साचतं. पायावर बोट दाबलं तर खळगा राहतो. आडवं झालं की दम लागतो. रात्री झोपेतून घाबरून उठून बसावं लागतं. पोट फुगल्यासारखं वाटतं, जेवण जात नाही.

इको तपासणीत ‘पंपिंग ३५ टक्के’ असं लिहून येतं तेव्हा घरातले हादरतात. उरलेलं ६५ टक्के हृदय मेलं, असा त्याचा अर्थ नाही. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. काही जणांचं तर पंपिंग ठीक असतं, पण हृदय ताठर झाल्यामुळे हाच त्रास होतो.

कारणं बरीच आहेत. आधी येऊन गेलेला हृदयाचा झटका, अनेक वर्षं न सांभाळलेलं बीपी, साखर, दारू, लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापाने बिघडलेल्या झडपा. आणि हा फक्त खूप म्हाताऱ्या माणसांचा आजार नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला २०१३ साली या आजाराच्या १,२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली गेली. त्यांचं सरासरी वय होतं ६१. तीन वर्षांत त्यांच्यापैकी जवळजवळ ४५ टक्के रुग्ण दगावले. आकडा मोठा आहे, आणि तो आम्ही घाबरवायला सांगत नाही. त्याच नोंदीत असंही दिसलं की ज्यांना या आजाराची ठरलेली औषधं नीट मिळाली, त्यांच्यात मृत्यू कमी होते. म्हणजे आपल्या हातात काहीतरी आहे. औषध चुकू न देणं आणि बिघाड लवकर ओळखणं, ही दोन कामं घरातच होतात.

वजनकाटा : सगळ्यात मोलाचं यंत्र

साचणारं पाणी डोळ्यांना उशिरा दिसतं, काट्याला आधी दिसतं. हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पाय चांगले सुजेपर्यंत शरीरात दोन-तीन लिटर पाणी साचलेलं असू शकतं. कुणीही तीन दिवसांत दोन किलो मांस कमावत नाही. इतक्या झपाट्याने वाढलेलं वजन हे पाण्याचंच असतं.

घरासाठी साधा डिजिटल काटा पुरतो. फोनला जोडणारा, शरीरातली चरबी सांगणारा महाग काटा नको. घेताना एवढंच बघा की आकडा मोठा दिसतो आणि शंभर ग्रॅमचा फरक कळतो. वजन करायची पद्धत मात्र पक्की ठेवा :

– सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी.
– रोज साधारण सारख्याच कपड्यांत. पायात चप्पल नको, खांद्यावर शाल नको.
– काटा फरशीवर किंवा सपाट, टणक पाटावर. सारवलेल्या जमिनीवर, चटईवर, सतरंजीवर आकडा चुकतो.
– रोज तोच काटा. आज घरचा आणि उद्या किराणा दुकानातला, असं नको.
– तोल जात असेल तर काटा भिंतीजवळ ठेवा. जवळ उभं राहा, पण आकडा येताना हात धरू नका.

दवाखान्यातून सुटताना सूज उतरलेली असते. त्या वेळचं वजन डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्याच्याशी.

आता एक उदाहरण घेऊ. समजा एका सासूबाईंचं वजन सोमवारी ५२.४ किलो आहे, मंगळवारी ५२.६, बुधवारी ५२.३. इथपर्यंत ठीक, एवढं वरखाली होतंच. गुरुवारी ५३.२, शुक्रवारी ५३.९, शनिवारी ५४.६. बुधवार ते शनिवार, तीन दिवसांत २.३ किलो वाढलं. सासूबाई म्हणतात, ‘मला काही होत नाही, जरा जड वाटतंय इतकंच.’ पाय अजून फारसे सुजलेले नाहीत. पण काट्याने सांगितलंय. डॉक्टरांना फोन करायचा तो शनिवारी सकाळीच. थांबलो तर रविवारी रात्री दम लागेल आणि गाडी शोधत बसावं लागेल.

फोन करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या, कारण डॉक्टर त्याच विचारणार. पहिली, या दिवसांत खारट जास्त झालं का? पापड, लोणचं, सुकट, ठेचा, फरसाण? दुसरी, एखादी गोळी चुकली का? तिसरी, अंगदुखीची गोळी घेतली का? डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात. दुकानातून आणलेली ‘गुडघ्याची गोळी’सुद्धा अशा रुग्णाचं वजन चढवू शकते.

गोळी चुकण्यामागचं एक कारण बायका मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून आम्हीच बोलतो. लघवीची गोळी घेतली की दोन-तीन तास सारखं जावं लागतं. एसटीचा प्रवास असेल, लग्न असेल, रानात खुरपणीला जायचं असेल, तर बाई जाणार कुठे? मग ती गोळीच टाळते. वजन चढतं ते इथून. अशा वेळी गोळी सोडू नका, वेळ बदलून चालेल का ते डॉक्टरांना विचारा. कामावरून किंवा प्रवासातून आल्यावर दुपारी घेतली तर चालते का, हा प्रश्न अगदी योग्य आहे. डॉक्टरांना तो नवीन नाही.

वजन घटणंही महत्त्वाचं. उलट्या-जुलाब झाले, उन्हाळ्यात खूप घाम गेला, तोंड कोरडं पडलं, उभं राहिलं की चक्कर येते आणि वजन भराभर उतरतंय, तर पाणी जास्त गेलं असू शकतं. तेव्हाही फोन करायचा. गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही आणि वाढवायचीही नाही.

आणि एक बारीक गोष्ट. खूप दिवसांच्या आजारात अन्न जात नाही, मांस झडतं, आणि त्याच वेळी पाणी भरतं. काटा तोच आकडा दाखवत राहतो. म्हणून काट्याबरोबर पायही बघा. घोट्याजवळ बोट दाबून खळगा पडतो का, आणि झोपताना किती उश्या लागतात, तेही लिहा. काल एक उशी पुरत होती आणि आज दोन उश्या नि गोधडीची घडी लागतेय, हीसुद्धा एक नोंदच आहे.

बीपीचं यंत्र

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटाचं यंत्र हाताच्या उंचीप्रमाणे चुकतं. पट्टा दंडाच्या जाडीला बसणारा हवा. लहान पट्टा जाड दंडावर ओढून बांधला तर बीपी उगाच जास्त दिसतं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर सरळ ठेवा, मांडी किंवा तिढा नको. हात टेकवा, पट्टा छातीच्या उंचीला येऊ द्या. बाहीवरून पट्टा बांधू नका आणि यंत्र चालू असताना बोलू नका. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. तीन आकडे लिहा : वरचा, खालचा आणि नाडीचे ठोके. तिसरा आकडा बहुतेक घरांत लिहायचा राहून जातो. डॉक्टरांना तो हवाच असतो, कारण या आजाराच्या काही गोळ्या नाडी हळू करतात.

या रुग्णांचं बीपी औषधांमुळे थोडं कमीच राहतं. कुणाला १०० च्या आसपास राहून काही त्रास नसतो. ‘बीपी कमी आलं’ म्हणून गोळी बंद करू नका. मात्र वरचा आकडा ९० च्या खाली जातोय, चक्कर येतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, किंवा बसल्या जागी नाडी ५० च्या खाली अथवा १२० च्या वर राहतेय, तर कळवा. आपल्या रुग्णासाठी कुठला आकडा ठीक, तो डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. एकाचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही.

फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारे ॲप फिरतात. त्यांच्या आकड्यावर औषधाचा निर्णय घेऊ नका. पट्टा नाही, तर भरवशाचं बीपी नाही, एवढं लक्षात ठेवा.

ऑक्सिमीटर

कोरोनाच्या वेळी, २०२० साली, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी आले, तेव्हा बोटाला लावायचं हे यंत्र आपण सगळ्यांनी पाहिलं. ते अजून घरात असेल तर वापरा. नखाला नेलपेंट किंवा मेंदी नको, हात गार असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. ९५ च्या वर ठीक. डॉक्टरांनी त्या रुग्णासाठी वेगळा आकडा सांगितलेला नसेल, तर ९० च्या खाली म्हणजे धोका.

नवीन यंत्र घ्यायला पैसे कमी असतील तर आधी काटा घ्या, मग बीपीचं यंत्र, आणि ऑक्सिमीटर शेवटी. कारण ऑक्सिजन बराच वेळ चांगला दिसतो आणि तोवर पाणी साचत असतं. ‘ऑक्सिजन ९७ आहे, काही नाही’ म्हणून दम लागलेल्या माणसाला घरी ठेवू नका.

फोनची पाच कामं

महाग फोन लागत नाही. पहिली दोन कामं तर बटणाच्या फोनवरही होतात.

एक, गजर. सकाळच्या वजनाचा आणि प्रत्येक गोळीच्या वेळेचा रोज वाजणारा गजर लावा. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीचाही एक गजर लावा. गोळ्या संपल्या आणि बाजार पुढच्या आठवड्यात, असं व्हायला नको.

दोन, नंबर. १०८, आशाताई, उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी, डॉक्टरांचा दवाखाना आणि रात्री गाडी देणारा शेजारी. हे पाच नंबर फोनमध्ये ठेवा आणि चुलीजवळच्या भिंतीवरही लिहा. फोन मुलाच्या खिशात शेतावर असेल तेव्हा भिंत कामाला येते.

तीन, फोटो. डॉक्टरांची चिठ्ठी, इकोचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात अचानक जावं लागलं तर ‘लाल गोळी, पांढरी गोळी’ असं सांगून भागत नाही. सुजलेल्या पायाचा फोटोही त्याच जागी उभं राहून आठवड्यातून एकदा काढा.

चार, व्हिडिओ. रात्री दम लागतो आणि सकाळी डॉक्टरांपुढे बसेपर्यंत तो कमी झालेला असतो. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सगळं सांगतो. पण ओठ निळे पडलेत, बोलता येत नाही, अशा वेळी व्हिडिओ नाही, आधी १०८.

पाच, आवाजी निरोप. लिहायला जमत नसेल तर बोला. पण निरोप मुद्देसूद हवा. असा : ‘मॅडम, नमस्कार. माझ्या सासूबाईंना हार्ट फेल्युअर आहे, वय ६२. वजन बुधवारी ५२.३ होतं, आज शनिवारी ५४.६. बीपी ११० – ७०, नाडी ९२. रात्री दोन उश्या लागल्या. गुरुवारी लघवीची गोळी चुकली. छातीत दुखत नाही. काय करू? तासाभरात फोन करते.’ शेवटचं वाक्य विसरू नका. निरोप पाठवला म्हणजे तो ऐकला गेला, असं नाही.

आकडा कुणीतरी बघितला पाहिजे

आता आजच्या बोलण्याचा गाभा. यंत्र घेतलं, आकडा आला, वहीत लिहिला, आणि कुणीच बघितला नाही, तर त्याचा उपयोग किती? याचं उत्तर जगाने तपासून पाहिलं आहे.

अमेरिकेत २०१० साली एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात १,६५३ रुग्ण होते. निम्म्यांना सांगितलं की रोज एका नंबरवर फोन करा आणि यंत्राच्या आवाजाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्या, वजन आणि त्रास सांगा. सहा महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्यात आणि नेहमीप्रमाणे उपचार घेणाऱ्यांत, पुन्हा दवाखान्यात भरती होण्यात किंवा मृत्यूत काही फरक पडला नव्हता. काहींनी तर एकदाही फोन केला नव्हता, आणि दिवस गेले तसं फोन करणं कमी होत गेलं.

जर्मनीत २०१८ साली दुसऱ्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात १,५७१ रुग्ण होते. निम्म्यांच्या घरी काटा, बीपीचं यंत्र, ऑक्सिजन आणि हृदयाचा आलेख काढायची यंत्रं दिली. ‘आज कसं वाटतंय’ याला एक ते पाच गुण द्यायचे, हेही होतं. हे सगळं रोज बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या केंद्रात जायचं. तिथे चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका बसलेल्या. आकडा बिघडला की रुग्णाला फोन, औषधात बदल, गरज वाटली तर भरती. मृत्यूमुळे किंवा हृदयाच्या त्रासाने अचानक भरती व्हावं लागल्यामुळे वर्षातले सरासरी किती दिवस वाया गेले ते मोजलं. या रुग्णांचे १७.८ दिवस गेले, बाकीच्यांचे २४.२. मृत्यूही कमी झाले.

घरी मोजणं दोन्हीकडे होतं. आमच्या मते फरक पडला तो पुढच्या माणसामुळे. आकडा रोज बघणारं, लगेच फोन करणारं आणि औषध बदलायचा अधिकार असणारं कुणीतरी तिथे चोवीस तास होतं.

आपल्या गावात बर्लिनसारखं केंद्र नाही. पण साखळी बांधता येते. पहिली कडी घर, तिथे मोजायचं आणि लिहायचं. दुसरी कडी आशाताई, त्यांनी आठवड्यातून एकदा वही बघायची. तिसरी कडी आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे आपलं उपकेंद्र. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून लांबच्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. फोनवर ई-संजीवनीचं ॲप घेऊन, मोबाइल नंबर टाकून घरूनही डॉक्टरांशी बोलता येतं. बोलायला बसताना वही आणि गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा. चौथी कडी हृदयाचे डॉक्टर. सुटी होतानाच त्यांना विचारा, ‘वजन किती वाढलं तर फोन करायचा? कोणत्या नंबरवर? तुम्ही नसाल तर कुणाला?’ या तीन प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीच्या मागे लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका.

हिरवी, पिवळी, लाल टिकली

ज्या घरात वाचता येत नाही तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक टिकली चिकटवा.

हिरवी : वजन स्थिर, नेहमीएवढाच दम, सूज नाही. औषध चालू, काम जमेल तेवढं.

पिवळी : तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ, पायांवर नवी सूज, उशी वाढली, रात्रीचा खोकला, चक्कर, नेहमीच्या कामाला जास्त दम, जेवण जाईना. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा उपकेंद्रात कळवायचं. ‘बाजारच्या दिवशी बघू’ नाही.

लाल : बसल्या जागी दम, आडवं होताच येत नाही, छातीत दुखणं किंवा दाब, बेशुद्ध पडणं, ओठ निळे, खोकल्यातून गुलाबी फेस, बरळणं. लगेच १०८. रुग्ण शुद्धीवर असेल तर आडवं झोपवू नका. टेकवून, पाय खाली सोडून बसवा. वही आणि गोळ्यांची पिशवी बरोबर द्या.

बाईचा दम

आजवर आम्ही घराघरांत बघितलं, नवऱ्याचं वजन बाई लिहिते, सासूचं बाई लिहिते, पण बाईचं कुणी लिहीत नाही. पाण्याची घागर उचलताना दम लागला तर ती म्हणते, ‘वय झालं.’ पाय सुजले तर म्हणते, ‘दिवसभर उभी होते.’ गोळ्या महाग झाल्या की पहिली तिची गोळी अर्धी होते.

बाळंतिणीकडे विशेष लक्ष द्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर साधारण पाच महिन्यांपर्यंत काही तरुण बायकांचं हृदय अचानक अशक्त होतं. बाळंतपणात थोडा दम, थोडी सूज असायचीच, असं म्हणून ते अंगावर काढलं जातं. आडवं झोपता येत नाही, रात्री उठून बसावं लागतं, सूज वाढतेच आहे, तर बाळंतिणीला त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि हृदयाची तपासणी करायला सांगा. वेळेवर कळलं तर यातल्या बऱ्याच जणींचं हृदय पुन्हा सुधारतं.

फोनचाही प्रश्न आहे. रुग्ण बाई आणि फोन नवऱ्याकडे, अशी घरं पुष्कळ. म्हणून नंबर देताना शेजारणीचा किंवा गटातल्या मैत्रिणीचा दुसरा नंबरही द्या. तिला विचारून द्या.

गटाने काय करायचं

मैत्रिणींनो, हे काम आपल्याला नवीन नाही. बचत गट चालतो तोच नियमित बैठक, नियमित बचत, नियमित नोंदी यांवर. दहा रुपयांचा हिशोब चुकला तर आपण रात्री वही घेऊन बसतो. हीच सवय हृदयाच्या वहीला लावायची आहे. दशसूत्रीत आरोग्य आहेच.

पुढच्या बैठकीत चार गोष्टी ठरवा. पहिली, गावात ‘पंपिंग कमी’ सांगितलेली कोण माणसं आहेत, ते आशाताईंना विचारून आणि त्या घरांच्या संमतीने समजून घ्या. दुसरी, बीपीचं यंत्र गटात एक पुरतं, आळीपाळीने वापरता येतं. काटा मात्र रोज लागतो, म्हणून त्या घरात स्वतःचा हवा. साधा काटा आणायला अंतर्गत कर्ज द्या, हप्ता छोटा ठेवा. यंत्र कुणाकडे आहे आणि सेल कुणी बदलायचे, ते ठरावात लिहा. तिसरी, प्रत्येक रुग्णामागे एक सोबतीण. तिने आठवड्यातून दोनदा जाऊन वही बघायची आणि पिवळी टिकली दिसली की फोन झाला का, एवढं विचारायचं. तिने औषध सांगायचं नाही. चौथी, कुणाचंही वजन, रिपोर्ट किंवा आजार गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. आणि त्याच ग्रुपवर येणारे ‘सात दिवसांत हृदय मोकळं’ असले काढे-चूर्णही पुढे पाठवायचे नाहीत. आयुर्वेदिक काही घ्यायचंच असेल, किंवा कमी सोडियमचं मीठ वापरायचं असेल, तरी आधी डॉक्टरांना विचारा. अशा मिठात पोटॅशियम असतं, आणि या आजाराच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोक्याइतकं वाढू शकतं.

वहीसाठी वेगळा खर्च नको. शंभर पानी वही घ्या आणि सात रकाने आखा : तारीख, वजन, बीपी, नाडी, सूज, उश्या, गोळ्या घेतल्या का. शेवटी एक छोटी चौकट ठेवा, ‘कुणाला कळवलं आणि काय सांगितलं’. आठवड्याच्या शेवटी पान उघडलं आणि आकडा चढलेला असूनही ती चौकट रिकामी दिसली, तर समजा की साखळी तिथे तुटली आहे. सोबतिणीने लगेच तिथूनच फोन लावायचा.

पुढच्या भागात आपण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या उपचारासाठी कागदपत्रं कोणती लागतात, ते बघू. तोवर, ज्या घरात हा आजार आहे तिथे उद्या सकाळी पहिलं वजन लिहून होऊ द्या. नमस्कार.